फिफ्थ-व्हील कॅम्पर घ्यावा का? आधी ट्रकचं दार उघडून बघा

आरव्ही शोमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या प्रदर्शनात, काय होतं ते सांगतो. आपण सहज म्हणून शिरतो, तीन पायऱ्या चढून आत जातो, एसी मस्त गार लावलेला असतो, मुलं तोवर बंक बेडवर चढून भांडायला लागलेली असतात, घरातलं कोणीतरी रिक्लायनरवर बसून पाय लांब करतं आणि म्हणतं "अरे हे तर आपल्या कोथरूडच्या वन बीएचकेपेक्षा मोकळं वाटतंय", आणि नेमका तेव्हाच सेल्समन दारात उभा राहून सांगतो की महिन्याला फक्त चारशे डॉलर. झालं. पुढचं सगळं मग आपण स्वतःलाच पटवत बसतो.

आम्ही डॅलसजवळ राहतो, आणि आमच्या ओळखीत दोनतीन मराठी कुटुंबांना एकाच सुमारास ही हौस आली. त्यातल्या एकाने घेतला नाही, आम्ही घेतला, पण नवा नाही, आणि शोमध्ये पाचशे डॉलर डिपॉझिट भरून आलेलो ते परत घेऊन मग घेतला. मधल्या सात-आठ महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे हे उघड आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या बॉलला अडकतो. फिफ्थ-व्हीलचं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतं आणि तिथे मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसवलेल्या हिचमध्ये (जोडायच्या जबड्यात) त्याचा किंगपिन (नाकाखालचा खुंटा) अडकतो, मोठ्या अठरा चाकी ट्रकसारखाच. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे, पुढचा अ‍ॅक्सल वळावा म्हणून त्याच्यावर आडवं चाक बसवायचे, चार चाकांवरचं ते पाचवं. वजन अ‍ॅक्सलवर असल्यामुळे हायवेवर शेपूट हलवत नाही, आणि नाकाच्या भागात बेडरूम मिळते. फायदे खरे आहेत. पण म्हणजेच एसयूव्हीला हे जमणार नाही, पिकअपच लागतो, आणि कोणताही पिकअप नाही.

पायरी १: ट्रकचं दार उघडा

कॅम्पर बघायला जायच्या आधी हे. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी चिकटपट्टी असते, टायरच्या माहितीची. तिच्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त भरू नका. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचा आकडा वेगळा असतो, कारण सनरूफ, लेदर सीट, फोर-व्हील ड्राइव्ह, सगळं त्यातून वजा झालेलं असतं, तेव्हा इंटरनेटवरचा आकडा धरू नका, स्वतःच्या दारावरचा वाचा.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात येते ती टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढायची क्षमता, बारा हजार पाउंड वगैरे. फिफ्थ-व्हीलमध्ये तो आकडा बहुतेक वेळा आड येतच नाही, त्याच्या खूप आधी पेलोड संपतो. कारण फिफ्थ-व्हीलचं साधारण १५ ते २५ टक्के वजन थेट हौद्यात येतं, त्याला पिन वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरचं हेच १० ते १५ टक्के असतं.

आता माझ्या मित्राचा हिशोब बघा. त्याचा ट्रक हाफ-टन, म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० या वर्गातला. दारावर आकडा १,४८९. घरातली चार माणसं ५६० पाउंड, हिच स्वतः १३०, कूलर-अवजारं-चाकांखालचे ठोकळे वगैरे १००. एकूण ७९०. उरले ६९९. आणि त्याला आवडलेला कॅम्पर पूर्ण भरल्यावर ९,५०० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो असं त्याच्याच पाटीवर लिहिलेलं. त्याचे २० टक्के धरले तर १,९०० पाउंड हौद्यात. म्हणजे जवळजवळ ८६० किलो, अख्खी मारुती अल्टो हौद्यात ठेवली तरी त्याहून कमी भरेल. उरलेत ६९९ आणि टाकायचेत १,९००!

पण ब्रोशरवर तर 'हाफ-टन टोएबल', म्हणजे हाफ-टन ट्रकने ओढता येईल असं, लिहिलं होतं ना? होतं. ब्रोशरमधलं पिन वेट रिकाम्या कॅम्परचं असतं, त्यात पाणी नाही, बॅटरी नाही, बऱ्याचदा गॅसही नाही, आणि तुमचं एक भांडंसुद्धा नाही. त्यातून सामानाचं मोठं कपाट बरोबर नाकाखाली असतं, जे काय भराल ते जास्त करून पिनवरच येतं. म्हणून कोरडं वजन विसरा, कॅम्परचं कमाल वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, त्याचे २० टक्के धरून चाला.

यावर लगेच सल्ला येतो की मग डिझेल घे, थ्री-क्वार्टर टन (२५०० वर्ग) घे. थांबा. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे ओढायची ताकद भरपूर पण पेलोड कमी होतो. आम्ही बघितलेल्या एका डिझेल २५०० वर्गातल्या ट्रकच्या दारावर २,३०० च होते. त्यातून ७९० वजा केले की १,५१०. नापास! शेवटी आम्हाला पेट्रोलवाला थ्री-क्वार्टर टन मिळाला ३,३०० पेलोडचा, त्यात आरामात बसलं. डिझेलच हवं असेल तर मग एक-टन, ३५०० वर्ग.

ट्रक बघतानाच अजून दोन गोष्टी. हौद्याची लांबी मोजा, साडेपाच-साडेसहा फुटी हौद्यात काटकोनात वळताना कॅम्परचं नाक ट्रकच्या मागच्या काचेवर येऊ शकतं, त्यासाठी सरकता हिच लागतो, तो महाग आणि जड. आठ फुटी हौदा असेल तर ही भानगड नाही. दुसरं म्हणजे हिच बसवला की हौदा गेलाच समजा, झाकण काढावं लागतं, सायकली-बियकली ठेवायला जागा उरत नाही.

हातात ट्रक नसेल तर मात्र शांतपणे विचार करा, कारण चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू या धंद्यासाठीच केलीय. चाळीस-पन्नास हजारांच्या कॅम्परसाठी साठ हजारांचा ट्रक घेणारे लोक मी बघितलेत, आणि तो ट्रक मग वर्षभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन रेषांत मावत नाही.

पायरी २: रात्री मोजा

कॅलेंडर घेऊन बसा आणि खरंखुरं सांगा, वर्षात किती रात्री जाणार? सुट्ट्या किती, त्यातल्या इंडिया ट्रिपला किती जाणार, मुलांचे सॉकर-क्रिकेट, गणपती, दिवाळी, मंडळाचे कार्यक्रम. आमचा आकडा आधी 'पन्नास तरी' होता, कॅलेंडर घेतल्यावर बावीस निघाला.

आता पैसे. समजा चाळीस हजार कर्ज, ९ टक्क्यांनी, १५ वर्षं. हप्ता ४०६ डॉलर, सेल्समन खोटं बोलत नाही. पण १५ वर्षांत भरणार एकूण ७३ हजार. आणि त्याहून वाईट म्हणजे पाच वर्षांनी, २४ हजार भरून झाल्यावरसुद्धा कर्ज ३२ हजार शिल्लक असतं, आणि तोवर पाच वर्षं जुना एन्ट्री लेव्हल कॅम्पर ३२ हजाराला कोणी घेणार नाही. म्हणजे विकायचा तर वरून आपणच पैसे घालायचे. इथेच लोक अडकतात, वापर होत नाही पण विकताही येत नाही.

वर्षाचा खर्च असा मांडा: हप्ते ४,८७२, बाहेर उभा करायचं स्टोरेज महिना शंभर धरून १,२००, इन्शुरन्स आणि टायर-बेअरिंग-सीलंटची देखभाल मिळून दीड हजार. साडेसात हजार झाले. बावीस रात्रींनी भागा, एका रात्रीचे ३४४ डॉलर, आणि कॅम्पग्राउंडचं भाडं आणि पेट्रोल वेगळंच. ओढताना ट्रक गॅलनला आठ-दहा मैल देतो हे लक्षात असू द्या. भाड्याने कॅम्पर रात्रीला दीडशेच्या आसपास मिळत असेल तर वर्षाला पन्नास रात्रींच्या खाली नवा घेणं हिशोबात बसत नाही. हौसेला मोल नाही हे मान्य, पण मोल किती ते तरी माहीत असावं.

स्टोरेजचं का म्हणतोय, तर तुमच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचे, नियम काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी ड्राइव्ह-वेमध्ये एक-दोन रात्रींपेक्षा जास्त आरव्ही ठेवू देत नाहीत आणि दंडाचं पत्र लगेच येतं.

व्याजावर टॅक्स सूट मिळते हेही ऐकवतात. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असली तर दुसरं घर म्हणून चालतं हे खरं, पण डिडक्शन आयटमाइझ करत असाल, म्हणजे वजावटी एकेक मांडून दाखवत असाल, तरच, आणि २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन इतकं वाढलंय की बहुतेक लोक करतच नाहीत.

पायरी ३: आधी भाड्याने राहून बघा

ही पायरी गाळू नका. आजकाल मालक स्वतः कॅम्पर आणून कॅम्पग्राउंडमधल्या तुमच्या जागेवर, म्हणजे साइटवर, उभा करून देतात, ट्रकसुद्धा लागत नाही. दोन वेगवेगळ्या वीकएंडना, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात.

आमच्या पहिल्या सकाळी बायकोने पोह्यांची फोडणी केली. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि दोन सेकंदांत स्मोक अलार्म ठणाणा. मी टॉवेल हलवतोय, मुलं कानावर हात ठेवून, शेजारच्या साइटवरचे आजोबा बाहेर येऊन बघतायत. चिमणीचा पंखा तर चालू होता. मग कळलं की बऱ्याच कॅम्परमध्ये चिमणीची झडप बाहेरच्या भिंतीवर असते आणि प्रवासात उघडू नये म्हणून तिला खटके असतात, ते बाहेर जाऊन हाताने उघडायचे. ते न उघडल्याने धूर जायला वाटच नव्हती. तेव्हापासून फोडणी, मासे, जे काय वासाचं ते बाहेर टेबलावर छोट्या शेगडीवर. हिंगाचा वास त्या कापडी पडद्यांत महिनाभर राहतो, खोटं वाटत असेल तर करून बघा.

संडासच्या टाकीबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मीच बोलतो. ब्लॅक टँक साधारण तीस-चाळीस गॅलनची असते. साइटवर सीवरची जोडणी असली तरी तिचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम सोडायची, उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घन पदार्थ खाली डोंगर होऊन बसतो, मग तो फोडायला बोलवा कोणाला तरी. आपली पाणी वापरायची सवय इथे चक्क उपयोगी पडते, फक्त टाकी लवकर भरते, चौघांत तीन दिवस धरा.

आई-बाबा भारतातून येणार असतील तर त्यांना डोळ्यांसमोर आणा. फिफ्थ-व्हीलमध्ये चांगला बेड वर असतो, आत दोन-तीन पायऱ्या चढून, आणि स्वस्त मॉडेलमध्ये तिथे ताठ उभं राहता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा ते चढउतार करायला लावणार का? आमच्या बाबांनी एका रात्रीनंतर खालचा सोफा कायमचा घेतला.

आणि स्लाइड आत ढकलून बघा. स्लाइड म्हणजे भिंतीचा जो भाग बाहेर सरकतो आणि खोली मोठी करतो तो. शोमध्ये सगळं बाहेर काढलेलं असतं म्हणून प्रशस्त दिसतं. आत घेतल्यावर संडासपर्यंत पोचता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? रस्त्यात जेवायला थांबाल तेव्हा हेच लागणार आहे.

पायरी ४: नवा की जुना, आणि तपासायचा कसा

एन्ट्री लेव्हल म्हणजे काय स्वस्त केलेलं असतं ते समजून घ्या. यातले बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि खालच्या आणि मधल्या वर्गात फ्रिज, एसी, अ‍ॅक्सल, पायऱ्या वगैरे भाग बरेचसे त्याच दोनचार पुरवठादारांचे असतात. फरक पडतो तो टायरमध्ये, इन्सुलेशनमध्ये, फ्रेममध्ये, आणि फिनिशिंगच्या घाईत. नव्यातसुद्धा स्क्रू सुटलेले, पाइप सैल, दार घासतंय हे सर्रास, आणि पहिला सीझन अर्धा वर्कशॉपमध्येच जातो. कारसाठी असलेले लेमन लॉ (सदोष नवी गाडी परत देता येण्याचे कायदे) बऱ्याच राज्यांत ओढायच्या कॅम्परला लागू नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत, तीन-चार वर्षांचा, एका मालकाचा, वापरलेला घ्या. किमतीतली पहिली पडझड आणि पहिल्या दुरुस्त्या दुसऱ्याच्या खिशातून झालेल्या असतात.

पण जुन्यात खरा शत्रू एकच, पाणी. आम्ही बघायला गेलेला पहिला कॅम्पर फोटोत झकास होता. मी स्लाइडच्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि बुटाखाली जमीन दबली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. मालक म्हणाला असंच असतं. आम्ही चहा न घेता निघालो.

तेव्हा हे करा. वरच्या कपाटांचे कोपरे, बेडरूमचं छत, स्लाइडचे कोपरे, सगळं हाताने दाबत जा. नाक वापरा, दमट वास रूम फ्रेशनरखाली लपत नाही, उलट खूप फ्रेशनर मारला असेल तर तोच इशारा. बाहेरून भिंतीला समांतर टॉर्च धरा, फायबरग्लास आतून सुटला असेल तर फुगे सावलीत दिसतात, आणि तो दुरुस्त करण्यापेक्षा सोडून दिलेला बरा. छतावर चढा, चढू देत नसेल तर निघा. व्हेंटच्या आणि कडांच्या भोवतीचं सीलंट तडकलंय का बघा, छत दर तीन महिन्यांनी तपासायची गोष्ट आहे, मालकाला शेवटचं कधी केलं ते विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, तेवढे किमतीतून कमी करून घ्या. किंगपिनच्या वरच्या फ्रेमचे वेल्ड जवळून बघा, भेग किंवा तिथल्या भिंतीत ताण दिसला तर नको.

पाण्याची गळती शोधायची सोपी युक्ती: टाकीत पाणी भरून पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा. पंप दाब धरून गप्प बसला पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने घुर्र करत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. फ्रिज आदल्या रात्री चालू करून ठेवायला सांगा, कारण गॅसवर चालणारा असेल तर थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि "आत्ताच लावलाय" म्हणून सगळे सुटतात. एसी, हीटर, गीझर, सगळे स्लाइड दोन-तीनदा आतबाहेर. चार-पाचशे डॉलर देऊन सर्टिफाइड आरव्ही इन्स्पेक्टर नेला तर उत्तम, आम्ही नेला आणि त्याने शोधलेल्या गोष्टींवर दीड हजार कमी झाले.

नवाच घेणार असाल तर छापील किमतीवर भाव करा, भरपूर सुटते, आणि हप्त्यावर बोलूच नका, एकूण किमतीवर बोला. एक्स्टेंडेड वॉरंटी, कापडावरचं कोटिंग, हे सगळं नको म्हणायचं.

पायरी ५: जाणार कुठे?

उंची. फिफ्थ-व्हील बारा ते साडेतेरा फूट असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा तो ट्रक सोलणारा प्रसिद्ध रेल्वे पूल ११ फूट ८ इंच होता, २०१९ मध्ये ८ इंच उचलला, तरी बहुतेक फिफ्थ-व्हील त्याखाली अडकतील. स्वतः टेपने, एसीच्या टोकापर्यंत मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. नेहमीचा मॅप अ‍ॅप पुलाची उंची बघत नाही.

नॅशनल पार्कचं स्वप्न असेल तर लांबी आधी बघा, जुन्या कॅम्पग्राउंडच्या बऱ्याच साइट तीस फुटांच्या आतच आहेत. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही, म्हणजे कॅम्पर खाली ठेवून नुसता ट्रक न्यायचा म्हटलं तरी टोइंगचे मोठे आरसे आत घ्यावे लागतात आणि लांब हौद्याचा क्रू कॅब (चार दारी ट्रक) तर बादच. झायन पार्कच्या बोगद्यातही ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाड्यांवर निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियात राहत असाल तर दहा हजार पाउंडांवरच्या फिफ्थ-व्हीलसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते तेही बघा.

पायरी ६: घेतलाच तर पहिले दोन दिवस

रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास रिव्हर्सची प्रॅक्टिस, नवरा-बायको दोघांनी, फोनवर बोलत, ओरडत नाही. वळताना मागची चाकं आत कापतात, गॅस स्टेशनचा खांब लक्षात ठेवा. हिच अडकवल्यावर खाली वाकून हिचचा जबडा बंद झालाय का ते डोळ्यांनी बघा, मग कॅम्परचे पाय टेकलेलेच असताना त्याचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. हे न करता पाय उचलले आणि जबडा नीट लागलेला नसला तर कॅम्पर हौद्याच्या कडांवर आदळतो, दोन्ही बाजू चेपतात.

मग सगळं सामान भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा, पंधरा-वीस डॉलरचं काम. आधी नुसता ट्रक, मग जोडून. ट्रकच्या अ‍ॅक्सलवर जेवढं वाढलं ते तुमचं खरं पिन वेट. आमचं १,७४० आलं, ब्रोशरमध्ये १,२५० होतं. पन्नास गॅलन पाणी भरून निघायची सवय असेल तर तेच ४१७ पाउंड असतं, म्हणून आम्ही थोडंच घेऊन निघतो आणि पोचल्यावर भरतो.

माझा तो १,४८९ वाला मित्र? त्याने काहीच घेतलं नाही. आम्ही जातो तेव्हा तो शेजारची साइट बुक करतो आणि भाड्याचा कॅम्पर तिथे मागवतो. रविवारी सकाळी मी रबरी हातमोजे घालून सीवरचा पाइप धूत असतो, आणि तो खुर्ची टाकून चहा पीत मला सांगत असतो की डावीकडे अजून थोडं राहिलंय.